तीन उलट्या रेघा

४ फेब्रुवारी

बँकेने निरोपाला पेन दिलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाला पेन! साहेब म्हणाले, "आता निवांत लिहा काहीतरी." म्हणून ही वही. पेनाची शाई पुसट येते, हे पहिल्याच ओळीला कळलं.

माझं काम आता यंत्र करतं. कागद आत सरकवायचा, हिरवा दिवा लागला की सही खरी. मी दिवसाला चारशे सह्या बघायचो. यंत्र तेवढ्या एका चहात बघतं, आणि त्याला चहाही लागत नाही. मला राग आला नाही. थकवा आला. तो बहुधा आधीपासूनच होता, कामाखाली दबून होता एवढंच. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही खोटी सही सुटली नाही, हे निरोपाच्या भाषणात कोणीतरी म्हणेल असं वाटलं होतं. कोणी म्हटलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी

बायको सकाळी शाळेच्या ग्रंथालयात कामाला जाते. मग घर खायला उठतं. आज उठून आईकडे गेलो.

बाबांना जाऊन वर्ष झालं, पण मागची कामाची खोली तशीच आहे. खिडकीशी बाक, बाकावर जाड काच, खिळ्यांना टांगलेल्या कानशी, आणि तो रबराचा वास. बाबा सॅक्सोफोनचे माउथपीस दुरुस्त करायचे. वाजवणारा जो काळा, चोचीसारखा तुकडा तोंडात धरतो तो. त्याच्या एका बाजूला वेताची पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. ती ज्या उतारावर टेकते तो उतार केसाएवढा चुकला तरी वाद्य रेकतं. बाबा काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो उतार हाताने घासून द्यायचे. दूरदूरहून वादक यायचे. बाबांचा हात पुढे थरथरायला लागला, तरी काम बंद पडलं नाही. अशी जिद्द आमच्यात उतरली नाही.

आईने बिस्किटांचा एक जुना डबा पुढे ठेवला. मोडीत निघालेल्या बँडांचे माउथपीस बाबा घाऊक विकत घ्यायचे आणि नीट करून ठेवायचे. त्यातले तेवीस उरलेत. "घेऊन जा," आई म्हणाली. "धूळ पुसून पुसून कंटाळा आलाय मला."

७ फेब्रुवारी

विश्वास बसत नाही. सहज ऑनलाइन लिलाव बघत होतो. एक जुना, ओरखडे पडलेला माउथपीस माझ्या चार महिन्यांच्या पगाराला गेला. वर्णनात लिहिलं होतं: "अत्यंत दुर्मिळ. खालच्या सपाट बाजूला तीन रेघांची खूण. अज्ञात कारागिराचा उत्तरकाळ." खूण मोठी करून बघितली आणि उठून डबा उघडला. तेवीसपैकी एकोणिसांवर तीच खूण!

म्हणजे अज्ञात कारागीर आमचे बाबा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

भिंगाखाली नीट बघितलं, सवयच ती. सुईच्या टोकाने ओढलेल्या तीन आखूड, आडव्या रेघा. उजवीकडे खोल, डावीकडे पातळ होत गेलेल्या. वर्णनात टाकायला शब्द सुचला: "तीन उलट्या रेघा, विशेष दुर्मिळ."

११ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण. फोटो चांगले यावेत म्हणून तीन माउथपीस बादलीत गरम पाणी आणि साबण घालून धुतले. बाहेर काढले तर काळ्याचे हिरवट तपकिरी झालेले, आणि खोलीभर काडेपेटीचा वास.

आईला दाखवले. तिने कपाळाला हात लावला. "गरम पाण्यात? अरे कर्मा! एबोनाइट आहे ते, कडक रबर. गंधक असतं त्यात. गार पाणी आणि मऊ फडकं, बस्स."

इतकी वर्षं चहा घेऊन आत-बाहेर करायची, चार गोष्टी कानावर पडणारच. पण मग ती हसायला लागली, आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तीन माउथपीस गेले तर गेले म्हणायचं.

१९ फेब्रुवारी

गेले नाहीत. तेच सगळ्यात महाग गेले.

'पितळी घुबड' या नावाने बोली लावणारा एक संग्राहक आहे. या व्यवहारात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याने जाहीर लिहिलं: "अशी नैसर्गिक शेवाळी झाक मी आयुष्यात दोनदाच पाहिली." मी एकदाच पाहिली होती, बादलीत. त्यानंतर आकडा असा वर चढला की मी स्क्रीनसमोरून उठून पाणी पिऊन आलो.

खरं सांगायला हवं होतं. लिहिलंही होतं, मग पुसलं. मी 'नैसर्गिक' म्हटलं नाही, त्यांनी म्हटलं, असं स्वतःला समजावलं. बँकेत असं बोलणाऱ्याला मी शाखाधिकाऱ्याच्या समोर उभं केलं असतं.

या लोकांची गंमत म्हणजे वाजवत कोणीच नाही. सगळे फक्त रेघांचे फोटो मागतात. "कृपया तोंड लावून पाहू नका, दातांच्या खुणा उमटतील," हे तिघांनी लिहिलं. अपवाद एकच, 'सकाळपाळी' नावाची कोणी बाई. तिच्या बोल्या अगदी किरकोळ असतात आणि प्रश्न नेहमी तोच: "खालचे सूर न अडता येतात का? कोणी वाजवून बघितलंय?" मी उत्तर दिलं: "वस्तू संग्राह्य आहे. वाजवण्याची शिफारस नाही." तिने लिहिलं: "मग करायचं काय तिचं?"

२६ फेब्रुवारी

उरलेले माउथपीस आईच्या टेबलावर मांडून फोटो काढत होतो. आई डाव्या अंगठ्याचं नख प्रत्येकाच्या कडेवरून फिरवत बसली होती. तिला ती खोडच आहे. बशी असो, कपाटाचं दार असो, नख फिरवून बघणार. लहानपणी आमची पाटीसुद्धा तिने अशीच तपासलेली आठवते.

एक माउथपीस उचलून तिने उजेडाकडे धरला आणि बाजूला ठेवला. "हा विकू नकोस. डावी कड उजवीपेक्षा खाली गेलीय. अर्धाच झालाय हा."

"त्याच्यावर रेघाच नाहीत, त्याला कोण विचारतंय?" मी म्हणालो.

"झालाच नाही तर रेघा कशा असतील?" ती म्हणाली. तेही खरंच. बाबांच्या हातून राहून गेला असणार. तो तिने स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात ठेवून दिला.

५ मार्च

आज मोठी बातमी. पितळी घुबडाचं पत्र आलं. तो जगभरच्या माउथपीस कारागिरांची जाडजूड सूची छापतोय. त्यात बाबांवर एक पूर्ण प्रकरण! फोटो, चरित्र, कामाची वैशिष्ट्यं. "आपल्या वडिलांचे नाव अज्ञात राहणे हा या कलेवरचा अन्याय होय," असं लिहिलंय. पत्र दोनदा वाचलं. बाबांना शेजारीपाजारी 'पिपाणीवाले' म्हणायचे. त्या पिपाणीवाल्याचं आता पुस्तकात नाव येणार.

त्याची एकच अट आहे. मी सही करून प्रमाणपत्र द्यायचं: "तीन रेघांची खूण असलेले सर्व माउथपीस केवळ माझ्या वडिलांच्या हातचे आहेत." ते मिळालं की प्रकरण छापणार, आणि उरलेल्या चौदांची किंमत तिप्पट होईल, असंही त्याने कडेला सुचवलंय. एकतीस वर्षं सह्या तपासल्या, आता माझ्या सहीला किंमत आली.

रात्री ताईला फोन केला. ती आधी खूश झाली, मग म्हणाली, "उत्तरकाळ म्हणजे कधीचा रे? माझ्या लग्नात बाबांना धड कप धरता येत नव्हता. बशीत सांडला म्हणून चिडले होते, आठवतंय ना? त्याला बावीस वर्षं झाली."

"कानस हातात घेतली की थरथर थांबत असेल. कलावंतांचं असतं तसं," मी म्हणालो.

"असेल बाबा," ताई म्हणाली.

८ मार्च

आईला प्रकरणाचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुझ्या बाबांना आवडलं असतं," म्हणाली. मग जरा वेळाने, "फोटो कुठला देणार?"

तिनेच ट्रंकेतून काढून दिला. बाबा बाकाशी बसलेत, कॅमेऱ्याकडे बघतायत, हात मांडीवर घट्ट धरलेले. मागे काच, पॉलिश पेपर. डाव्या कडेला कोणाचा तरी कोपर मध्येच आलाय. घरी येऊन तेवढा कापून फोटो नीट करून पाठवला.

सकाळपाळीचा निरोप आला: "रेघांबद्दल तुम्ही लिहिता ते वाचलं. मी तुमच्या वडिलांकडे माउथपीस घेऊन आलेली आहे. जरा वेगळंच आठवतंय मला. एकदा भेटायला येऊ का?" ही स्वस्तात पदरात पाडून घ्यायची युक्ती दिसते. ताकाला जाऊन भांडं लपवणारे खूप पाहिलेत. उत्तर दिलं नाही.

१४ मार्च

घुबडाला बाबांच्या नोंदवहीतली काही पानं हवी होती, म्हणून आईकडून वही आणली.

प्रमाणपत्र समोर तयार आहे. सही केलेली नाही. आज आणखी काही लिहवत नाही.

१५ मार्च

नीट, क्रमाने लिहितो.

नोंदवहीत गिऱ्हाइकाचं नाव आणि रीड आणि टोक यांच्यामधल्या फटीचं माप आहे. बाबांचं अक्षर मला डोळे मिटून ओळखता येतं. ताईच्या लग्नाच्या वर्षी ते मोडायला लागतं. सात महिन्यांत आकडे ओळखू येत नाहीत, मग एक पान अर्धं कोरं आहे. त्यानंतर दुसरं अक्षर सुरू होतं. बारीक, गोल, डावीकडे कललेलं, ओल्या शाईवरून हात गेल्यामुळे जागोजागी पुसटलेलं. आणि त्या पानापासून पुढच्या प्रत्येक नोंदीच्या कडेला तीन रेघा. आधीच्या एकाही नोंदीला नाहीत.

हे अक्षर मी चाळीस वर्षं वाण्याच्या यादीत वाचत आलोय.

रेघ सुरू होते तिथे खोल असते आणि सुटते तिथे पातळ. नव्या पोरांना बँकेत मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. उजवीकडे खोल, डावीकडे पातळ, म्हणजे रेघ उजवीकडून डावीकडे ओढली. डावखुऱ्या माणसाने. बाबा उजव्या हाताचे होते. मी भिंग लावून ते पाहिलं आणि 'विशेष दुर्मिळ' लिहून मोकळा झालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

संध्याकाळी वही घेऊन आईकडे गेलो. ती चहा ढवळत होती. डाव्या हाताने. नेहमीच तशी ढवळते.

मी वही तिच्यासमोर उघडली. म्हणालो, "आई, हे सगळं काम तू केलंस?"

तिने चष्मा लावून पान बघितलं. "हो मग. त्यांना होत होतं का?"

"सगळं?"

"आधी ते सांगायचे, मी घासायचे. वर्षभर नुसतं ओरडणं चालायचं. हात हलका, हात हलका. मग सांगायचं बंद केलं त्यांनी. पुढच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, मी मागे."

"आणि या रेघा?"

"त्यांनीच सांगितलं खूण कर म्हणून. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर कळायला हवं ना, कोणी बिघडवला ते. त्यांच्या नावाला बट्टा नको लागायला." ती अगदी साधेपणाने सांगत होती, दुधाचा हिशोब सांगावा तशी. "एक रेघ म्हणजे ओरखडा वाटेल, दोन पण वाटतील. तीन कोणी चुकून ओढत नाही. म्हणून तीन."

"मग? आली तक्रार?"

"पहिली दोन वर्षं दार वाजलं की दचकायचे. वाटायचं, आलाच परत. एकही आला नाही. मग भीती गेली, खूण राहिली."

बाबांचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि राग काढायला माणूस जागेवर नाही. "तू आम्हाला का नाही सांगितलंस?" मी जरा मोठ्यानेच विचारलं.

"कोणाला? तुला?" आई म्हणाली. "तू सुट्टीत यायचास, जेवायचास, आणि झोपायचास. चहा पी, निवतोय."

चहा प्यायलो.

१८ मार्च

तीन दिवस प्रमाणपत्र टेबलावर पडून आहे. आईने काल स्वतः फोन केला. "कर रे सही. त्यांचं नाव होतंय तर होऊ दे. मला काय आता दुकान मांडायचंय? आणि ते पुस्तकात यायचं म्हणून किती आनंदला होतास तू."

मी सही केली तर बाबांचं नाव होतं, चौदा माउथपीस सोन्याच्या भावाने जातात, आई तक्रार करत नाही, कोणाला कधी कळत नाही. नाही केली तर बाबा अज्ञातच राहतात, वर माझ्याच हातांनी त्यांच्या नावाला तो बट्टा लागतो ज्याच्या भीतीने त्यांनी रेघा ओढायला लावल्या. कुठूनही बघितलं तरी सही करणं शहाणपणाचं आहे. मला झोप येत नाही, आणि दिवसभर झोप येते.

बायकोने आज विचारलं, "अहो, तो कागद जेवणाच्या टेबलावरून कधी हलणार?"

मी म्हणालो, विचार चाललाय.

"एकतीस वर्षं खोटी सही सोडली नाही म्हणून घरात मिरवलंत. नातेवाइकांत मिरवलंत. माझ्या माहेरी तर विचारूच नका. आता शेवटची सोडायची ती स्वतःची?"

ही बाई पुस्तकांवर शिक्के मारते, पण बोलते तेव्हा माझ्यावर मारते.

२२ मार्च

घुबडाला लिहिलं. खूण आईची आहे, काम आईचं आहे, सोबत नोंदवहीची पानं. मागितलेलं प्रमाणपत्र देता येणार नाही, आईच्या नावाने हवं असेल तर आनंदाने देईन. न कापलेला फोटोही पाठवला, कोपरासकट. बादलीचंही सांगून टाकलं. ते लिहिताना घाम आला, पण लिहिल्यावर हलकं वाटलं.

२७ मार्च

घुबडाचं उत्तर अत्यंत सभ्य आहे. "कुटुंबीयांनी केलेले काम आमच्या सूचीत कारागिराच्या 'हातचे' न धरता 'कार्यशाळेचे' धरले जाते. आपल्या मातोश्रींच्या सेवाभावाबद्दल आदर आहे." सेवाभाव! शेवटी एक ओळ: "ही माहिती सार्वजनिक न केल्यास सर्वांच्याच हिताचे ठरेल."

मी तोवर ती सार्वजनिक केली होती. प्रत्येक वर्णनात लिहिलं: 'तीन रेघा म्हणजे माझ्या आईची खूण. तिने बावीस वर्षांपूर्वीपासून हे काम केलं. माउथपीस वाजवण्यासाठी आहे.' परवा संपलेल्या लिलावात दोन गेले, चपलांच्या जोडाच्या किमतीला. मागच्या महिन्यात याच वस्तूसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. रेघा त्याच, उतार तोच, रबरही तेच.

शेवाळी माउथपीस घेतलेल्या तिघांना पैसे परत घ्या म्हणून लिहिलं. एकाने घेतले. एकाने उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने लिहिलं: "आपण विनयाने असे म्हणत आहात. अशी झाक बादलीत येत नसते." त्याला पुन्हा समजावायचं त्राण माझ्यात नाही.

आईला किंमत पडल्याचं सांगितलं नाही. तिने विचारलं, "विकले जातायत का?" म्हटलं, जातायत.

पुस्तकात बाबा नाहीत, आई नाही. ताई म्हणाली, "मग मिळवलंस काय?"

रात्री सकाळपाळीला उत्तर दिलं. कधीही या, म्हटलं.

५ एप्रिल

सकाळपाळी आज आईकडे आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, हाताला पिठाचा वास. पहाटेपासून पावाच्या भट्टीवर काम करते, दुपारी झोपते, संध्याकाळी एका चौघांच्या बँडमध्ये वाजवते. सॅक्सोफोनची पेटी तिच्या पाठीवर होती. दारात मला बघून म्हणाली, "तुम्ही संग्राह्य वस्तूवाले ना? बाई आहेत का?"

आई बाहेर आली. बाई तिच्याकडे बघतच राहिली. "मी आले होते तुमच्याकडे. एकोणीस वर्षं झाली. पुढे साहेब बसले होते, माझं बोलणं ऐकत होते, आणि मागून तुम्ही पडदा सारून म्हणालात, खालचं वाजवून दाखव. मी वाजवलं. तुम्ही आत नेलं, दहा मिनिटांत आणून दिलं. तेव्हापासून त्याच्यावरच वाजवतेय. गेल्या वर्षी भट्टीवर हातातून पडला, टोक उडालं. तेव्हापासून नुसता रेकतोय सगळा संसार."

"तुझे दात पुढे होते," आई म्हणाली. "तू जरा दाबून धरायचीस."

"अजून धरते."

मी डबा आणला. रेघांचे उरलेले बाराही तिने एकेक करून लावून बघितले. घरात इतका आवाज मी लहानपणापासून ऐकला नव्हता. प्रत्येकाला ती मान हलवायची. चांगला आहे, पण माझ्या तोंडाचा नाही. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली.

बाराव्यानंतर आई उठली, चमच्यांच्या खणातून तो अर्धा राहिलेला माउथपीस काढला आणि मागच्या खोलीत गेली. मी दिवा लावला. काचेवरची धूळ पुसली, पॉलिश पेपर शोधून दिला. गेल्या कित्येक वर्षांत त्या खोलीत मी केलेलं हे पहिलं काम. आईने चष्मा कपाळावर सारला, डाव्या हातात माउथपीस धरला आणि काचेवरून ओढला. एकदाच. मग नख फिरवलं. पुन्हा एकदा, त्याहून हलका. तिचा हात जराही थरथरत नव्हता.

"वाजव," आई म्हणाली. "खालचं."

बाईने अगदी खालचा सूर धरला. आधी जरा अडला. आईने हात पुढे केला, माउथपीस परत घेतला, उजव्या कडेवरून दोन हलके हात दिले, परत दिला. या वेळी सूर सरळ आला, जाड, उबदार, बराच वेळ टिकला. बाकावरच्या कानशी खिळ्यांवर बारीक वाजायला लागल्या. बाईने वाद्य खाली घेतलं, तेव्हा ती रडत होती. मीही.

आई तेवढी रडत नव्हती. ती फडक्याने काच पुसत होती.

"किती द्यायचे?" बाईने विचारलं.

आईने बावीस वर्षांपूर्वीचा आकडा सांगितला. त्यात आता दोन चहा येतील.

मग मला आठवलं. बाकाच्या खणात ती सुई अजून होती, लाकडी मुठीची. मी ती आईच्या पुढे ठेवली. "खूण राहिली," म्हणालो.

आईने सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मी लहान असताना काहीतरी खुळ्यासारखं विचारलं की बघायची तसं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "तक्रार आली तर माझीच. दुसरं कोण आहे इथे?"

बाई तो तसाच, रेघांशिवाय घेऊन गेली.